सावलीचा खड्डा

ईस्टरच्या सुट्टीवरून परतलेल्या माणसाचा चेहरा रापलेला नसेल, तर आमच्याकडे लोक काळजीच्या सुरात विचारतात, "काय रे, आजारी होतास की काय?" ऑफिसात, दुकानात, बसथांब्यावर, सगळीकडे हेच. आठवडाभर डोंगरात काढला याचा पुरावा म्हणजे चेहरा. डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे गोल, बाकी सगळं जुन्या चामड्याच्या रंगाचं, आणि नाकाचं साल निघालेलं. साल निघालं नसेल तर तुम्ही खिडकीत बसून नुसती संत्री सोललीत, असं धरलं जातं.

माझी थोरली बहीण सिग्रुन या बाबतीत आमच्या घराण्याची शान होती. ती फेरीबोटीवर काम करते, त्यामुळे आवाज इंजिनावर मात करणारा आणि कातडी मुळातच वाऱ्याला सरावलेली. विद्दा पठाराच्या कडेला आमचं लाकडी घर आहे, आईबाबांनी आम्हा तिघा भावंडांसाठी ठेवलेलं. त्याला आम्ही वरचं घर म्हणतो. त्या घराची दक्षिणेकडची भिंत ही आमची खरी बैठकीची खोली. ईस्टरला सकाळचं स्कीइंग आटोपलं की सगळे त्या भिंतीला पाठ लावून, बुडाखाली रेनडिअरचं कातडं घालून बसतात आणि डोळे मिटून सूर्याकडे तोंड करतात. शनिवारी दुपारी हाल्वरची बायको तोने सगळ्यांना ओळीने उभं करून चेहरे तपासते. हाल्वर आमचा धाकटा भाऊ. तोने स्वतः दुधासारखी गोरी, ती फक्त लाल होते आणि पुन्हा पांढरी होते, म्हणून तिच्या निकालावर कोणी शंका घेत नाही. जो सगळ्यांत रापलेला, त्याला उरलेल्या सुट्टीत भांडी माफ. सिग्रुनने वरच्या घरात शेवटचा पेला कधी विसळला होता, ते आम्हा कोणालाच आठवत नव्हतं.

जानेवारीत डॉक्टरांनी तिच्या नाकावरचा डाग कापून काढला. बरीच वर्षं तो तिथे होता, आणि आम्ही सगळे त्याला सालच समजत होतो. डाग साधा नव्हता. वेळेवर निघाला, एवढंच. कानामागची कातडी काढून नाकावर लावली. "आता नाकानेही ऐकू येतं मला," असं ती सगळ्यांना सांगत हिंडायची. डॉक्टरबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं होतं: भर दिवसाचं ऊन टाळ, बर्फावर तर फारच. टोपी वरून येणारं ऊन अडवते, पण बर्फ तेच ऊन खालून परत फेकतो. मलम लाव, तोंड झाक, सकाळ-संध्याकाळ जा. बाईंचं बोलणं चांगलं होतं. सिग्रुनने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

यंदा ती वरच्या घरी आली ती रिकामी खोकी घेऊन.

"माझं सामान न्यायला आलेय," दारातच म्हणाली. "झोपायची पिशवी, स्की, माझा तो मोठा मग. खोली हाल्वरच्या मुलींना देऊन टाका."

"का म्हणून?"

"पडदे लावून आत बसायला मी एवढ्या वर कशाला येऊ? ते घरी फुकट होतं."

"अगं, पण सकाळ-संध्याकाळ..."

"विग्दिस, मला अर्धं नको. द्यायचा तर अख्खा डोंगर द्या, नाहीतर राहू दे."

ती मस्करी करत नव्हती. बाबा गेले तेव्हा मला असं वाटलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. पण सिग्रुन ती खोकी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता हे घर संपलं. हाल्वर येईल, त्याच्या मुली येतील, मीही येईन. पण पठारावर सगळ्यांच्या पुढे जाऊन "या की लवकर, काय गोगलगायी" म्हणून ओरडणारं कोणी नसेल. तिला परत कसं ओढायचं, हे मला कळत नव्हतं. तिला ओढणं हे काम जन्मात कोणी केलं नव्हतं. ओढायची तीच.

गुड फ्रायडेला सगळे भिंतीला बसले होते आणि ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. खिडकी उघडी होती.

"बाहेर ये की," हाल्वर डोळे मिटूनच म्हणाला. "टोपी घाल आणि बस."

"हनुवटीला घालायची टोपी शिवून देशील?"

"तुझ्या डॉक्टरबाई जरा जास्तच..."

"तुझं नाक कापलं असतं ना हाल्वर, तर तू दवाखान्यातसुद्धा छत्री घेऊन फिरला असतास."

बाहेर तोने खुदकन हसली. मी आत गेले, दुसरी सुरी घेतली आणि तिच्यासमोर बसले. रात्री आभाळ मोकळं राहणार होतं. कडाक्याची थंडी पडणार होती.

"पहाटे जाऊया," मी म्हटलं. "कवचावरून."

ईस्टरच्या सुमाराला दिवसा बर्फाचा वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठून फरशीसारखा कडक होतो. त्याला आम्ही कवच म्हणतो. त्यावर स्की रुतत नाही. आखलेल्या वाटेची गरज नसते. हवं तिकडे जाता येतं.

"पहाटे काय, भुतं बघायला?"

"ऊन वर यायच्या आत परत. न्याहारीला घरी."

तिने बटाट्याचा एक डोळा कोरून काढला. "म्हणजे चोरासारखं."

"हो, चोरासारखं."

ती हसली नाही, पण सुरी थांबली. "तू फार हळू जातेस," ती म्हणाली. मी तो होकार धरला.

*

अशा बर्फावर स्कीच्या पोटाला ट्यूबमधलं चिकट मेण लागतं, नाहीतर पाय मागे घसरतात. ते थंडीत दगड होतं. म्हणून ती ट्यूब मी रात्रभर उशीखाली ठेवली होती आणि निघताना बनियनच्या आत, पोटाशी खोवली. आमच्याकडे शाळकरी पोरालाही एवढं कळतं. नाकाला लावायचं मलम मात्र मी पाठीवरच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकलं. लागणार नव्हतंच ते. शिवाय कडाक्याच्या थंडीत ओलसर मलम तोंडाला लावायचं नसतं, गोठतं. उजाडल्यावर बघू, असं ठरलं.

आम्ही दार न वाजवता बाहेर पडलो. आभाळ पूर्वेला काचेसारखं हिरवट झालं होतं. मी पहिलं पाऊल टाकलं आणि स्कीखालून असा आवाज आला, जणू कोणी काचेवर वाळू ओततंय. पठार नुसतं पडलं होतं. एकही खूण नाही. आदल्या दिवशी हजार माणसं स्कीच्या ज्या खाचांमधून एकामागे एक गेली होती, त्या खाचा कुठेतरी बाजूला राहिल्या. आम्ही तळ्यावरून गेलो, तळं कधी संपलं ते कळलं नाही. टेकडीवरून गेलो, चढ होता की उतार, तेही मांड्यांना कळलं तेवढंच. उन्हाळ्यात ज्या दगडांवरून घोटे मुरगळत तासभर चालावं लागतं, ते सगळे दगड खाली कुठेतरी झोपलेले होते.

सिग्रुन बोलत नव्हती. हेच आधी मला भीतीदायक वाटलं. मग लक्षात आलं, मीही बोलत नव्हते.

सूर्य उगवायच्या बेतात आला तेव्हाच तिने शहाण्या रुग्णासारखी त्या बाजूला पाठ केली. अजून ऊन नव्हतंच, पाठ करायची काही गरज नव्हती, पण तिने केली, जरा रागानेच. आणि मग ती म्हणाली, "विग्दिस. इकडे बघ."

मी वळले. पश्चिमेला क्षितिजावर एक निळा-करडा पट्टा होता, रुंद, आणि त्याच्या वर गुलाबी. निळा पट्टा हळूहळू खाली बुडत होता. आमच्या डोळ्यांदेखत.

"ढग आहेत का ते?" मी विचारलं.

"नाही. रात्र आहे. जातेय."

बोटीवर पहाटेच्या पाळीला ती हे पाण्यावर बघत असते, असं तिने सांगितलं. आपल्या पृथ्वीचीच सावली ती, हवेवर पडलेली. पण बोटीवर दोरखंड बांधायचे असतात, माणसांना शिव्या द्यायच्या असतात, नीट बघणं होत नाही. आता तिला दोरखंड नव्हते. लांबच्या हिमनदीच्या माथ्याला आधी ऊन लागलं, मग एकेक शिखर, आणि ते ऊन उतारांवरून आमच्याकडे सरकत आलं. बर्फावर रात्रीत उगवलेली, गोठलेल्या दवाची पातळ पाती होती, नखाएवढी, उभी. ऊन त्यांच्यापर्यंत पोचलं तशी ती पेटली. एक नाही, सगळी. पायाखालपासून नजर जाईल तिथवर. आमच्या दोघींच्या सावल्या काड्यांसारख्या लांब होऊन पुढच्या टेकडीवर चढल्या होत्या, आणि सिग्रुनने काठी हलवली तेव्हा पार तिकडे, दुसऱ्या टेकडीवर, कोणीतरी हात केला.

पांढरे रानकोंबडे दगडामागून उडाले आणि आम्हाला घोगऱ्या आवाजात हसले.

"बघ," सिग्रुन म्हणाली, "त्यांना कळलं आपण चोर आहोत."

आम्ही एका उंचवट्यावर कॉफी प्यायलो, ब्रेडवर तपकिरी चीज घालून खाल्लं. आता परत फिरायचं. घर उत्तरेला होतं, उताराच्या पलीकडे, धुराची रेघ दिसत होती. मी स्कीचे पट्टे घट्ट केले. सिग्रुन पुढे झाली, आणि दोन ढांगा टाकून अशी थांबली की मी तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिले.

समोरचा उतार हलत होता.

*

रेनडिअर पूर्वेकडून येत होते. रानटी, कोणाच्या मालकीचे नसलेले. पहिल्यांदा दिसली ती पुढची म्हातारी मादी, मग तिच्यामागे ओळ, मग ओळीमागे ओळी, आणि मग मोजायचा विचार सोडून द्यावा एवढे. सगळ्या माद्या, शिंगं अजून डोक्यावर. गाभण माद्यांची शिंगं वीण होईपर्यंत टिकतात. पोटं एवढी जड की चालताना डुलत होती. पश्चिमेला विण्याच्या जागा आहेत, तिकडे निघाल्या होत्या. आणि त्यांची वाट बरोबर आमच्या आणि घराच्या मधून जात होती.

अशा वेळी काय करायचं, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. खाली बसायचं. हलायचं नाही. माणूस दिसला तर कळप उधळतो, आणि त्या दिवसांत पळवलेली मादी वासरू गमावू शकते. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता, त्यामुळे वास गेला नव्हता. आम्ही हळूहळू गुडघ्यांवर आलो, मग पोटावर.

"जातील एवढ्यात," मी पुटपुटले.

पुढची म्हातारी थांबली. तिने आभाळ हुंगलं, जागेवर एक गिरकी घेतली आणि खाली बसली. तिच्यामागे एकेक करून सगळ्याच बसल्या. रवंथ करायला. उन्हात.

"गेल्या," सिग्रुन पुटपुटली.

ऊन वर चढत होतं. एप्रिलचं ऊन आमच्याकडे एकदा उठलं की चढतंच. बर्फाचा पिवळेपणा गेला, तो पांढरा झाला, मग पांढऱ्याच्याही पलीकडचा. चष्म्याच्या कडेतून उजेड आत घुसायला लागला. थंडी तशीच होती, बोटं बधिर, म्हणूनच तर माणूस फसतो. तोंडाला गार लागतं आणि आतून भाजत असतं. मी हळूच पिशवी ओढली, बाहेरच्या कप्प्यातून मलम काढलं आणि दाबलं.

ट्यूब दगड झाली होती.

मी ती सिग्रुनला दाखवली. तिने ती बोटाने वाजवली. मग माझ्या पोटाकडे बघितलं, जिथे बनियनच्या आत दुसरी ट्यूब होती, मऊ, ऊबदार.

"म्हणजे," ती अगदी हळू, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "स्कीचं मेण तू कुशीत घेऊन झोपलीस."

"हो."

"आणि बहिणीच्या नाकाचं मलम बाहेर टाकलंस."

"सवय गं."

तिचे खांदे हलायला लागले. पालथं पडून, रेनडिअरच्या कळपासमोर, आवाज न करता हसणं फार कठीण असतं. मलाही ते जमेना. पण हसता हसता मी तिच्या नाकाकडे बघितलं. कानामागची ती नवी कातडी, बाळाच्या टाचेसारखी गुलाबी, कधी ऊन न पाहिलेली. माझं हसू तिथेच संपलं. मी ट्यूब काखेत घातली आणि आजूबाजूला सावली शोधायला लागले. पठारावर झाड नाही. दगड बर्फाखाली. सावली म्हणजे आमच्या दोघींची, तीही आता आखडून अंगाखाली आलेली.

थोडं मागे वाऱ्याने रचलेला बर्फाचा एक उंच ढीग होता, एक बाजू कापल्यासारखी उभी. कापलेली बाजू उत्तरेला.

आम्ही पालथ्याच मागे सरकलो. ईस्टरला आमच्याकडे सगळे बर्फात खड्डा करतात, ऊन खायला. दक्षिणेकडे तोंड, मागे बर्फाची भिंत, वारा अडतो आणि ऊन ओंजळीत पडावं तसं आत साठतं. लहानपणापासून शेकडो खणले असतील. आता मी तोच खड्डा उलटा खणायला लागले. फावडं प्रत्येकाच्या पिशवीत असतंच, पण ते कवचावर खरवडलं असतं, म्हणून हळूच एक तुकडा उचकटला आणि आतला मऊ बर्फ हातांनी उपसला. सिग्रुनही लागली. तिचा हात सवयीने पुन्हा पुन्हा चुकीच्या बाजूला जायचा, उन्हाच्या बाजूची भिंत पाडायला.

"अगं, ती ठेव. ती आपली सावली आहे."

"कळलं, कळलं. तीस वर्षांची सवय आहे हाताला."

आत बसल्यावर कळलं, सावली पुरत नाही. समोर सबंध पठार उन्हात लखलखत होतं आणि तो उजेड आमच्या तोंडावर येत होता. मी पिशवी उपसली. कोरडे मोजे, चॉकलेट, आणि एक लोकरीची लांब चड्डी. ओलं झालं तर बदलायला म्हणून ती नेहमी बरोबर असते. ती मी सिग्रुनच्या तोंडाभोवती गुंडाळली, एक पाय नाकावरून, दुसरा हनुवटीखालून, मागे गाठ मारली.

"कोणाची आहे ही?" आतून आवाज आला.

"माझी. धुतलेली आहे."

"कधी?"

"ईस्टरला."

"कुठल्या?"

मग मी रांगत ढिगाच्या मागे जाऊन फोन वर धरला. एक काडी रेंज आली. हाल्वरला लिहिलं, कळप मधे बसलाय, उशीर होईल. किती, असं त्याने विचारलं. ते कळपाला विचार, मी लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, "बसा." माझा भाऊ कमी बोलतो, पण कामाचं बोलतो. तेवढ्यात माझ्या नाकपुड्यांच्या आतून चटका बसायला लागला होता. बर्फाचं ऊन तिथेही पोचतं.

*

त्या खड्ड्यात आम्ही किती वेळ बसलो, सांगता येणार नाही. माझ्या आयुष्यात मी ईस्टरला डोळे उघडे ठेवून एवढा वेळ बसले नव्हते. भिंतीला बसलो की डोळे मिटायचे, ही आमची रीत. पापण्यांच्या आतला तांबडा रंग आणि संत्र्याचा वास, एवढाच आमचा डोंगर.

खड्ड्यातला उजेड निळा होता. आमच्या पाठीशी बर्फाची भिंत होती, तिच्या पलीकडे सूर्य, आणि त्यातलं थोडंसं ऊन भिंतीतून गाळून आत येत होतं, निळं होऊन. खोल ठिकाणी निळं, पातळ ठिकाणी हिरवं. बोटाने भोक पाडलं तर त्या भोकाच्या तळाशी असा रंग की माझ्याकडे त्याला नाव नाही. सिग्रुनने हातमोजा काढून त्यावर हात ठेवला. हात निळा झाला.

"ऑपरेशनच्या टेबलावर पडले होते ना," ती लोकरीतून म्हणाली, "तेव्हा मरणाची भीती वाटली नाही. हसू नकोस."

"नाही हसत."

"मला वाटलं, आपल्याला इथून बाहेर काढलं. म्हणजे... इतकी वर्षं मी सूर्याकडे तोंड करून बसत होते. आणि तो हे करत होता."

मी ट्यूब काखेतून काढून बघितली. मलम फाटलं होतं, पाणी एकीकडे आणि गाठी एकीकडे, नासलेल्या दुधासारखं. त्यातल्या गाठी मी तिच्या डोळ्यांखाली आणि चड्डीची कड सोडवून नाकावर लावल्या. तिने लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले. नव्या कातडीवर मी बोट अगदी हळू फिरवलं. ती कातडी गार होती. भाजलेली नव्हती.

"नाकाला काही ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"येतंय," ती म्हणाली, आणि डोळे उघडले. "गप्प."

कळप उठला होता. एकदम सगळा नाही. आधी एक, मग दहा. आणि त्याबरोबर आवाज सुरू झाला. रेनडिअर चालतो तेव्हा त्याच्या घोट्यातली शीर हाडावरून सरकते आणि टक् असा आवाज होतो. एकाचा आवाज म्हणजे काही नाही, बोट मोडल्यासारखा. पण तिथे शेकडो होत्या. सगळ्या पठारावर तो आवाज पसरला, सुकं लाकूड तडतडावं तसा, पण थंड, आणि सगळीकडून. बाकी काही नाही. हंबरणं नाही, खुरांची धडधड नाही. मी इतकी माणसं असलेल्या जागी एवढी शांतता कधी ऐकली नाही. माणसं, असंच लिहून गेले. राहू दे.

काही माद्या आमच्या बाजूने वळल्या. वारा पडला होता, त्यामुळे आमचा वास त्यांच्यापर्यंत जात नव्हता. त्या ढिगाच्या कडेने, आमच्यापासून दोन-तीन काठ्यांच्या अंतरावरून जायला लागल्या. त्यांच्या तोंडांची वाफ दिसत होती, पापण्यांवर बर्फाचे कण. एक मादी थांबली. तिने खड्ड्यात बघितलं. आत निळ्या उजेडात बसलेल्या दोन बायका, एकीच्या तोंडाला चड्डी. तिला त्यात माणूस दिसला नसावा. ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या पोटाची कातडी आतून हलली. एक फुगवटा उठला, कडेने सरकला आणि बुडाला. वासराने पाय बदलला असेल.

सिग्रुनने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते चष्म्याच्या आत गोठायला लागलं.

मादी पुढे गेली. सगळा कळप ढिगाला वळसा घालून आमच्या मागे, पश्चिमेकडे वळला. आता खड्ड्यातून काही दिसत नव्हतं. जाताना बघायचं असेल तर ढिगावर चढून उभं राहायला हवं होतं, बरोबर माथ्यावरच्या उन्हात. सिग्रुन उठली. मला माहीत होतं ती उठणार. अर्धी उठली, हात चड्डीच्या गाठीकडे गेला, नीट दिसावं म्हणून. चेहरा वर झाला, ज्या कोनात तो आयुष्यभर वर होत आला होता. भिंतीच्या कडेवरून आलेलं ऊन तिच्या कपाळापर्यंत पोचलं.

मी तिला धरलं नाही. हात पुढे केला होता, पण धरलं नाही. धरून ठेवलेली सिग्रुन मला घरी न्यायची नव्हती.

"मी बघून सांगू का?" मी म्हटलं.

ती तशीच थांबली. मग हळूहळू खाली बसली, पाठ निळ्या भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. उन्हासाठी मिटायची तसेच, पण तोंड उत्तरेला.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "ऐकू दे."

आम्ही ऐकत बसलो. टक्, टक्, टक्, मागून, डावीकडून, मग लांबून. एका क्षणी ते अजून ऐकू येतंय की नुसतं आठवतंय, ते ठरवता येईना.

*

घराची वाट मोकळी झाली होती, पण दुपारी कवच मऊ पडतं, गुडघाभर रुतायला होतं. म्हणून आम्ही तिथेच राहिलो. चॉकलेट खाल्लं, उरलेली गार कॉफी प्यायलो. सिग्रुन थोडा वेळ घोरली. जागी झाली तेव्हा आमच्या खड्ड्याची सावली लांब होऊन समोरच्या उतारावर गेली होती आणि थंडी परत पायांतून वर चढत होती. मी काठी टेकवून बघितली. कवच आवळत चाललं होतं.

आम्ही निघालो तेव्हा ऊन बर्फाला घासून येत होतं. दवाची पाती गेली होती, त्या जागी गुळगुळीत तेलकट चकाकी. वाऱ्याने बर्फात कोरलेली प्रत्येक रेघ सावलीमुळे उठून दिसत होती. सगळं पठार कोणीतरी बोटांनी सारवल्यासारखं. माझे गुडघे दुखत होते, नाकपुड्या जळत होत्या, आणि घराचा धूर दिसल्यावर पोटात अशी भूक उसळली की मी बटाट्यांचाच विचार करायला लागले.

सिग्रुन पुढे होती. चड्डी अजून तोंडाला होती, मागे गाठीची दोन टोकं उडत होती. तळ्याच्या अलीकडे ती थांबली, डावीकडच्या उंच टेकडीकडे बघितलं आणि तिकडे वळली.

"घर इकडे आहे," मी ओरडले.

"माहितीये."

"अगं, सगळे वाट बघत असतील."

"तू हो पुढे. वरून कळप कुठवर पोचला, ते दिसेल." ती ढांगा टाकत चढायला लागली होती, आवाज इंजिनावरून यावा तसा खणखणीत. "आणि उद्या जरा लवकर उठ. आज आपण उशिरा निघालो."

मी धुराकडे बघितलं. मग टेकडीकडे. ती चढाच्या पलीकडे गेली होती आणि कवचावर स्कीची खूणसुद्धा उमटत नव्हती. मी कान दिला. वर कुठेतरी काचेवर वाळू ओतल्यासारखा आवाज चालला होता, एकसारखा, घाईत. मी त्या दिशेने वळले.